प्रायोजित प्रकल्प (अभियांत्रिकी)

प्रायोजित प्रकल्प म्हणजे अभियांत्रिकी पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थिगटाने एखाद्या उद्योगाच्या साहाय्याने, त्याच्याच प्रत्यक्ष अडचणीवर केलेला प्रकल्प होय. अमेरिकेतील हार्वे मड महाविद्यालयाने १९६३ मध्ये ‘इंजिनिअरिंग क्लिनिक’ या नावाने असा उपक्रम सुरू केला. नाशिक जिल्ह्यातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. तेथे हा प्रकल्प सातव्या व आठव्या सत्रांत होतो. घोटीतील भातगिरण्या आणि जवळच्या गोंदे येथील कारखाने अशा अभ्यासास विषय पुरवू शकतात.

गोपनीयता हा यातील कळीचा प्रश्न आहे. विद्यार्थ्यांना गुणांसाठी अहवाल मांडावाच लागतो. मात्र पेटंट कायदा, १९७० नुसार अर्जापूर्वी प्रसिद्ध झालेल्या शोधास सामान्यतः पेटंट मिळत नाही. म्हणून संशोधनाची मालकी व प्रसिद्धीच्या अटी आरंभीच लेखी ठरविणे हिताचे ठरते.