राबाची राख आणि दंडाची पावती

आमच्या पेठ तालुक्यात राबाशिवाय नागली होत नाही, असं जुनी माणसं सांगत आली. देशावरच्या वाचकाला राब म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. चैत्र-वैशाखात रोपाच्या जागेवर आधी शेण पसरायचं. त्यावर सादड्याचा वाळलेला टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, वरून बारीक माती. मग वारा बघून पेटवायचं, म्हणजे राब हळूहळू धुमसत जातो. तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते, राखेचं खत होतं. मृगाचा पाऊस आला की तिथं बी टाकायचं आणि तीन-चार आठवड्यांनी रोप उपटून उतारावर लावायचं.

एवढा खटाटोप कशाला? तर पावसामुळं. पेठला वर्षाला २००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नाशिक शहरात ७०० च्या आसपास, येवला-मालेगावकडं त्याहून कमी. जिल्हा एकच. पण आमचा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि दमणगंगेनं, पार नदीनं समुद्राकडं निघून जातो. उताराची माती धुपते, खाली काळा कातळ. फाल्गुनात विहिरी तळाला जातात. अशा जमिनीत पहिल्या सरीला तण उठतं आणि नागलीचं बी मोहरीएवढं. ते तणाखाली दबून जातं. म्हणून रोपाला तण जळालेली जागा लागते. जमिनीचाही क्रम ठरलेला होता. पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी नाहीतर उडीद, मग काही वर्षं पड.

म्हणजे आमचं शेत बांधापाशी संपत नव्हतं. वरच्या रानातला सादडा शेताचाच भाग होता. त्याच्या फांद्या छाटायच्या, बुंधा राखायचा, पुन्हा फुटवा येऊ द्यायचा.

हे नातं कागदानं तोडलं. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे इगतपुरीला चढली. स्लीपरला, इमारतींना, जळणाला लाकूड लागू लागलं, तसा रानाला भाव आला. १८७८ साली दोन गोष्टी झाल्या. पेठ हे छोटं संस्थान होतं, त्याच्या शेवटच्या बेगम वारल्या आणि मुलूख इंग्रजांकडं गेला. त्याच साली जंगलाचा कायदा आला. त्यानं रानाचे राखीव, संरक्षित असे भाग पाडले. पुढं १९२७ चा कायदा आला, तोही त्याच वाटेनं गेला. शेत एका बाजूला, रान दुसऱ्या बाजूला. राबावरून भांडण फक्त आमच्याकडं नव्हतं. ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांनी एवढी ओरड केली की मुंबई सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला.

राबानं रान अजिबात खालावलं नाही, असं मी म्हणणार नाही. माणसं वाढली, जमीन तेवढीच राहिली, पड ठेवायची वर्षं कमी झाली. मग तोच सादडा दरवर्षी छाटला जाऊ लागला आणि झाड खंगलं. पण पड का ठेवता येईना? कारण रेषेच्या आत जायला बंदी, आणि हातातली जमीन पड टाकली तर ती आपली राहील याची खात्री नाही. भीतीनं माणूस जमिनीला विसावा देत नाही.

माझ्या बाला रानातली जमीन कसली म्हणून दंड व्हायचा. तो पैसे भरायचा, पावती घ्यायचा आणि पत्र्याच्या पेटीत ठेवायचा. मी दहावीपर्यंत शिकलो, म्हणून त्या पावत्या वाचायचं काम माझ्याकडं. आजी म्हणायची, जाळा ती पिडा. बा म्हणायचा, राहू दे, सरकारचा शिक्का आहे.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा मागितला गेला. तेव्हा गावोगाव पेट्या उघडल्या. ज्या पावतीनं बाला गुन्हेगार ठरवलं होतं, तीच ग्रामसभेपुढं आमचा पुरावा झाली. जोडीला गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब. तरी दावे वर्षानुवर्षं पडून राहिले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी मोर्चा गेला, त्यात सुरगाणा-पेठची माणसं मोठ्या संख्येनं होती. मीही चाललो. तळपायाचे फोड महिनाभर गेले नाहीत.

आमचा दावा मंजूर झाला, पण कसतो त्याच्या निम्म्याहून कमी. बाकीचं अपिलात आहे. इकडं पाऊसही पहिल्यासारखा भरवशाचा राहिला नाही. मृगात येतो, मग दडी मारतो, रोप राबातच म्हातारं होतं. पोरं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला जातात. २०२३ हे जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, शहरात नागलीची बिस्किटं विकायला आली. ती पिकवणाऱ्याचं शेत आणि रान मात्र अजून दोन कागदांवर आहे.

मिळाला तेवढ्या जमिनीच्या पट्ट्यावर माझ्याबरोबर बायकोचंही नाव आहे, कायदाच तसा आहे. राबाच्या शेणाच्या पाट्या वर्षानुवर्षं तिनंच डोक्यावर वाहिल्या. पट्टा आल्यावर तिनं वरचा एक तुकडा पड ठेवायला लावला. बांधावरचे चार सादडे दोन वर्षं छाटायचे नाहीत, असंही बजावलं. जमीन आता जात नाही म्हटल्यावर तिला विसावा देणं परवडतं.