स्थिर स्थिती सिद्धांत

विश्वाला आरंभ नाही आणि अंतही नाही. ते प्रसरण पावत असले तरी एकंदरीत सदैव सारखेच दिसते, असे सांगणारा विश्वरचनाशास्त्रातील सिद्धांत. केंब्रिजमधील फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि टॉमस गोल्ड यांनी तो १९४८ मध्ये मांडला.

त्याला निमित्त होते वयाच्या हिशेबाचे. खगोलशास्त्रज्ञ हबल यांच्या तेव्हाच्या मोजमापांवरून विश्वाचे वय जेमतेम १८० कोटी वर्षे निघत होते आणि पृथ्वीवरचे काही खडक त्याहून जुने ठरत होते. लेक आईपेक्षा मोठी! आरंभच नाकारला की ही अडचण उरत नाही. मात्र दीर्घिका एकमेकींपासून दूर जात असताना मोकळी होणारी जागा भरायला नवे द्रव्य लागते. ते सतत निर्माण होत राहते, पण अतिशय संथपणे: एक घनमीटर जागेत अब्जावधी वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू. द्रव्य शून्यातून कसे येईल, हा आक्षेप रास्तच. पण सगळे द्रव्य एकाच क्षणी अवतरले म्हणणाऱ्यांनाही तो चुकत नाही. त्या प्रतिपक्षाला ‘बिग बँग’ (महास्फोट) हे नाव हॉईल यांनीच १९४९ मध्ये बीबीसीच्या नभोवाणीवर दिले.

कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला हॉईल यांचे विद्यार्थी होते. द्रव्यनिर्मितीला गणिती बैठक देण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा आहे.

सिद्धांताला पहिला धक्का केंब्रिजमध्येच बसला. मार्टिन राइल यांच्या गणनेत दूरचे, म्हणजे पूर्वीचे, रेडिओ-स्रोत अपेक्षेहून जास्त भरले. विश्व पूर्वी वेगळे होते असा त्याचा अर्थ. १९६४ मध्ये न्यू जर्सीतील होल्मडेल येथे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात सर्व दिशांनी सारखीच खरखर येऊ लागली. आत कबुतरांनी घरटे केले होते. त्यांची विष्ठा खरवडून काढली, तरी खरखर गेली नाही. सुमारे २.७ केल्विन तापमानाचे ते प्रारण महास्फोटाचा अवशेष मानले जाते. बहुतेक शास्त्रज्ञांनी त्यानंतर हा सिद्धांत सोडला. हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती मांडली, पण तिला फारसे अनुयायी मिळाले नाहीत.

सिद्धांत मागे पडला, तरी त्यामागची आरंभाविषयीची शंका जीवसृष्टीच्या प्रश्नातही डोकावली. जीवाणू अवकाशातून पृथ्वीवर येतात, असे हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे म्हणत. या कल्पनेला पुरेसा पुरावा नाही. पण नारळीकरांनी ती प्रयोगाला लावली. त्यांच्या नेतृत्वाखालील प्रकल्पात २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणले. त्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. त्या परग्रहावरून आल्या असे त्यावरून सिद्ध होत नाही, हे इस्रोने २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करतानाच स्पष्ट केले. त्यांपैकी एका जातीचे नाव ‘जॅनिबॅक्टर हॉईली’ आहे.