मायलेज अचानक घटणे : कारणांचा शोध

मायलेज घटणे (वाहनाचे) : नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या भाराने आणि नेहमीच्याच हाताने चालणारे वाहन लिटरमागे पूर्वीपेक्षा कमी अंतर कापू लागणे. भारतात मायलेज, बोलण्यातले ‘ॲव्हरेज’, किलोमीटर प्रतिलिटरमध्ये आणि सीएनजी वाहनांत किलोमीटर प्रतिकिलोमध्ये सांगतात. इंजिनाच्या झिजेमुळे ते वर्षानुवर्षे थोडेथोडे उतरते. त्याचा विचार येथे केलेला नाही. दोन-तीन टाक्यांच्या अवधीत दहा टक्क्यांहून अधिक घट झाली, तर ती झिजेची नव्हे. एखादी गोष्ट बदलली आहे किंवा बिघडली आहे, आणि ती बहुधा एकच असते. म्हणून अशा वेळी ‘फुल सर्व्हिसिंग’ करून सगळेच बदलणे हा शोध न घेता पैसे देण्याचा प्रकार होय.

घट खरी आहे का? : पहिली तपासणी पान्याची नसून वहीची आहे. नॉझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा, निम्म्याहून अधिक टाकी संपेपर्यंत गाडी चालवावी आणि शक्यतो त्याच पंपावर, त्याच नॉझलने पुन्हा तेवढीच भरावी. कापलेल्या अंतराला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरांनी भागले की आकडा मिळतो. एका भरण्यात एक-दोन लिटरांचा फरक सहज पडतो. ३० लिटरांवर दोन लिटर म्हणजे जवळजवळ सात टक्के. त्यामुळे सलग दोन-तीन टाक्यांची सरासरी घेतल्याशिवाय ओरड करू नये. ‘पाचशेचे टाकले आणि काटा इतका चढला’ या हिशेबाला अर्थ नाही. डॅशबोर्डवरचा आकडा इंजेक्टर किती वेळ उघडा होता यावरून काढलेला असतो आणि बहुतेक गाड्यांत तो प्रत्यक्षापेक्षा थोडा गोडच असतो.

तुलना कशाशी करायची, हेही ठरवावे लागते. जाहिरातीतला आकडा प्रमाणित चाचणीतला असतो. अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांत पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) प्रमुख आहे. चाचणीत गाडी रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगक्रमाने चालते. त्या क्रमातला सर्वाधिक वेग ताशी ९० किमी असतो. तेथे ना खड्डे, ना सिग्नल, ना खंबाटकीचा चढ. तो आकडा न मिळणे म्हणजे बिघाड नव्हे. आपल्याच गाडीच्या गेल्या सहा महिन्यांच्या नोंदी हाच खरा मापदंड.

टायर बदलल्यावर एक फसवी घट दिसते. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले तर चाक एका फेऱ्यात अधिक अंतर जाते, पण ओडोमीटर जुन्याच हिशेबाने मोजतो. नोंदलेले किलोमीटर कमी भरतात. त्याच मापाच्या नव्या टायरांनीही थोडा फरक पडतो, कारण जाड नक्षीचा टायर झिजलेल्यापेक्षा लोळताना अधिक ऊर्जा खातो.

इंधन : पंपावर माप कमी मिळते, हा संशय सर्वांत आधी येतो. तो अगदीच निराधार नाही. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात मापात फेरफार करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिप सापडल्या आणि त्यापाठोपाठ ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातील पंपांवर छापे टाकले. मात्र शंका पडताळण्याचा साधा मार्ग उपलब्ध आहे. प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवावेच लागते आणि ग्राहक ते भरून दाखवायला सांगू शकतो. तक्रार वैधमापनशास्त्र विभागाकडे करता येते. पंप बदलूनही घट तशीच राहिली, तर दोष पंपाचा नाही.

दुसरा आरोपी इथेनॉल. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये सुमारे २१. त्यामुळे १० टक्के मिश्रणावरून २० टक्क्यांवर (ई-२०) गेल्यास लिटरमागची ऊर्जा साडेतीन टक्क्यांच्या आसपास उतरते. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, शुद्ध पेट्रोलसाठी बांधलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींत ई-२० मुळे ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के आणि ई-१० साठी बांधून ई-२० ला जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के घट अपेक्षिलेली आहे. म्हणजे १७ चे १६ झाले तर इथेनॉलकडे बोट दाखवता येईल. १७ चे १३ झाले तर ती चोवीस टक्के घट आहे, आणि ती इथेनॉलच्या नावावर टाकून मोकळे होणे म्हणजे खऱ्या बिघाडाला अभय देणे होय. ई-२० आल्यापासून नेमके हेच वारंवार घडते.

चालवण्याची परिस्थिती : वाऱ्याचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, द्रुतगती मार्गावर ८० ऐवजी १०० ने जाणाऱ्याला तो दीडपटीहून अधिक होतो. टपावरचे कॅरिअर, पावसाळ्यात काचेवरचे धुके घालवण्यासाठी सतत चालणारा एसी, मेट्रोच्या कामामुळे बदललेला ऑफिसचा रस्ता, इंजिन तापण्याआधीच संपणाऱ्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या यांनी घट होते, पण गाडी निर्दोष असते. यातले काही अलीकडे बदलले का, हे मालकाने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे.

चाके आणि ब्रेक : हवा कमी असल्याने होणारे नुकसान लोकांना वाटते त्यापेक्षा लहान असते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या आकड्यांनुसार चारही टायरांचा सरासरी दाब एक पीएसआयने उतरला तर मायलेज सुमारे ०.२ टक्के घटते. हवा तपासणे फुकटात होते म्हणून ती आधी तपासावी, इतकेच. मोठे नुकसान करतो तो घासणारा ब्रेक. कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजल्या की पेडल सोडल्यावरही पॅड डिस्कला चिकटून राहतात. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत आणि पावसाळ्यानंतर हे विशेष आढळते. हँडब्रेक ओढून आठवडाभर भिजत उभ्या केलेल्या गाडीचे मागचे लायनर ड्रमला धरतात. परीक्षा सोपी आहे : सपाट जागी न्यूट्रलमध्ये गाडी एका माणसाला ढकलता यायला हवी. फारसे ब्रेक न मारता दहा-बारा किलोमीटर चालवून थांबल्यावर चारही चाकांजवळ हात न्यावा (डिस्कला लावू नये). एकच चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम असेल, जळका वास येत असेल, तर शोध तेथेच संपला. दुचाकीत मधल्या स्टँडवर मागचे चाक हाताने फिरवून पाहिले की ब्रेक किंवा अति ताणलेली चेन लगेच कळते. क्लच घसरत असेल तर चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, वेग मात्र वाढत नाही.

इंजिन : इंजेक्शनच्या गाडीत किती पेट्रोल सोडायचे हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो, आणि तो सेन्सर सांगतील त्यावर विश्वास ठेवतो. सेन्सर खोटे बोलला तरी गाडी सुरळीत सुरू होते, ओढतेही. ईसीयू चूक झाकून घेतो आणि फक्त पेट्रोलचे बिल वाढते. अचानक घटीची चारचाकीतली बरीचशी चकवणारी प्रकरणे या वर्गातली असतात.

त्यांत थर्मोस्टॅट अग्रभागी आहे. इंजिन थंड असताना पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून ईसीयू मिश्रण गडद, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त, ठेवतो. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडून शीतकाला रेडिएटरकडे वाट देतो. तो उघडाच अडकला तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरते, इंजिन तापतच नाही आणि ईसीयूच्या लेखी दिवसभर पहाट राहते. आपल्याकडे याला मानवी हातभारही लागतो. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून ‘डायरेक्ट’ करून देण्याची गॅरेजची जुनी पद्धत आहे. कार्बोरेटरच्या काळात तिने फारसे बिघडत नसेल, आजच्या इंजिनाला ती घातक आहे. हिवाळ्यात किंवा पावसात, हायवेवर वारा लागत असताना तिचा परिणाम सर्वाधिक होतो. ओळखायचे असे : मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा खाली उतरतो आणि ट्रॅफिकमध्ये वर येतो. थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरचा वरचा होज काही मिनिटे गारच राहून मग एकदम तापायला हवा. तो सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट बंद होत नाही. फॉल्ट कोड बहुधा पी०१२८ येतो.

शीतक तापमानाचा सेन्सर पूर्ण तुटला तर चेक इंजिनचा दिवा लागतो. अर्धवट बिघडून दहा-वीस अंश कमी सांगणारा सेन्सर मात्र दिवा लावत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी सुरू करण्यापूर्वी स्कॅनरवर शीतकाचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसले पाहिजे.

ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टमध्ये उरलेला ऑक्सिजन पाहतो. शुद्ध पेट्रोलसाठी एक भाग इंधनाला १४.७ भाग हवा हे आदर्श प्रमाण असून ते राखण्याचे काम त्याच्या संकेतावर चालते. झिर्कोनिया प्रकारचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होत असतो. तो सुस्तावला किंवा खालीच चिकटला तर ईसीयू इंधन वाढवत नेतो. हा सेन्सर बिघडण्यासारखा गंभीर दोष दूर केल्यावर मायलेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकते, असे अमेरिकेचा ऊर्जा विभाग सांगतो. पण सेन्सर धडधाकट असूनही फसतो. एक्झॉस्टला सेन्सरच्या अलीकडे भेग असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. एखादा सिलिंडर मिसफायर करत असेल तर न वापरलेला ऑक्सिजन तसाच पुढे येतो. दोन्ही वेळा सेन्सर ‘इंधन कमी आहे’ असे सांगतो आणि ईसीयू भरल्या पोटी आणखी वाढतो. पी०१७१, म्हणजे मिश्रण विरळ असल्याचा कोड, आणि त्याच वेळी सायलेन्सरच्या तोंडाशी काळी काजळी, अशी विसंगती दिसली की सेन्सर बदलण्याआधी भेग आणि इग्निशन कॉइल तपासावी.

निदान-सॉकेट स्टिअरिंगखाली असते. भारतात ओबीडी-२ प्रणाली चारचाकींना २०१३ पासून लागू झाली, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्या साध्या ब्लूटूथ स्कॅनरनेही वाचता येतात. कोडपेक्षा फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधनाच्या ठरीव मात्रेत करत असलेली टक्केवारीतली वाढ-घट, अधिक बोलका असतो : तो दहा टक्क्यांहून अधिक ऋण असेल तर इंधन कोठून तरी जादा येत आहे, उदाहरणार्थ गळका इंजेक्टर किंवा उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह. इंजिन थंड समजून सोडलेले जादा इंधन मात्र ट्रिममध्ये नेहमी दिसत नाही. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर हे वाचन बाजूला ठेवून आधी गळती शोधावी. तेथे प्रश्न आगीचा आहे.

एअर फिल्टरविषयीची समजूत जुनी झाली आहे. चोंदलेल्या फिल्टरने इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीचा पिकअप मंदावतो, पण हवा कमी आली की ईसीयू इंधनही कमी करतो, त्यामुळे मायलेज जवळपास तसेच राहते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये हे चाचण्यांनी दाखवले. कार्बोरेटरच्या गाडीत मात्र फिल्टर चोंदला की मिश्रण गडद होते. बीएस-६ पूर्वीच्या असंख्य स्कूटर आणि मोटारसायकली अजून कार्बोरेटरवरच धावत आहेत. त्यांत ओढलेला राहिलेला चोक, फ्लोटची झिजलेली सुई आणि ओव्हरफ्लो नळीतून टपकणारे पेट्रोल ही नेहमीची कारणे. प्लग काढून पाहावा : फिकट तपकिरी टोक चांगले, कोरडे काळे म्हणजे पेट्रोल जास्त.

सीएनजी आणि डिझेल : सीएनजी किलोवर विकला जातो, त्यामुळे पंपावर दाब कमी असल्याने टाकी अर्धवट भरली तर पल्ला घटतो, मायलेज नव्हे. या दोन्हींची गल्लत फार होते. अनेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन तापल्यावर गॅसवर जातात. थर्मोस्टॅट अडकला तर त्या पेट्रोलवरच रेंगाळतात आणि मालकाला फक्त पेट्रोलचा काटा भरभर उतरताना दिसतो.

बीएस-६ डिझेलमध्ये धुराचे कण अडवणारा फिल्टर अधूनमधून जादा डिझेल जाळून स्वतःला साफ करतो. शहरातल्या तुटक फेऱ्यांत ही सफाई अर्धवट राहून पुन्हा पुन्हा सुरू होते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसणे, म्हणजे त्यात डिझेल उतरणे, ही तिची खूण. काळा धूर आणि ताकद कमी, या जोडीत टर्बोचा फाटलेला होज आधी पाहतात.

दुरुस्तीनंतर : ईसीयूने बिघाडाच्या काळात शिकलेल्या दुरुस्त्या स्कॅनरने पुसाव्यात, नाहीतर सुरुवातीचे काही अंतर तो जुन्याच हिशेबाने इंधन सोडतो. नंतर त्याच पंपावर, त्याच पद्धतीने दोन टाक्या मोजाव्यात. दुरुस्ती पुढे ढकलण्यात तोटा केवळ पेट्रोलचा नसतो. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, तो वितळून चोंदतो, आणि मग थर्मोस्टॅटच्या कित्येक पट किमतीचा भाग बदलावा लागतो.