मिशनचा पगार आणि देवाचा दरबार

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात कोणी ख्रिस्ती झाला की गावाचा निकाल ठरलेला असे: पोटासाठी बाटला. माणूस ब्राह्मण असला तर निकालात थोडा बदल होई, ‘बिचाऱ्याला भुरळ घातली’ असे म्हणत. महार-मांग असला तर तेवढीही चौकशी कोणी करत नसे. धर्म बदलणाऱ्याला पडलेले प्रश्न, रात्रीची जागरणे, वाचलेली पुस्तके यांना या निकालात जागाच नव्हती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हे टोमणे बरीच वर्षे ऐकले. आयुष्याच्या शेवटी त्यांनी मिशनचा पगार सोडला, त्यामागे इतर कारणे असतीलच, पण हा टोमणाही होता असे मला वाटते.

टिळक आपल्याला कवी म्हणून माहीत असतात, आणि त्याहून जास्त ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचे विलक्षण नवरे म्हणून. पण त्यांचा पिंड मास्तराचा होता. १८६१ साली कोकणात जन्म, आईच्या मृत्यूनंतर नाशकात शिक्षण, गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत, मग या गावात शाळा, त्या गावात नोकरी, कुठे पुराण, कुठे व्याख्यान. नागपूरला अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने वैदिक वाङ्मयाचे काम केले. एका जागी टिकणे त्यांना जमले नाही. जिथे गेले तिथे शिकवले, हे मात्र सुटले नाही. लक्ष्मीबाईंनाही अक्षरओळख त्यांनीच करून दिली. शिकवायची हौस अफाट आणि धीर फार कमी, त्यामुळे हा वर्ग अनेकदा भरला आणि अनेकदा मोडला.

१८९३च्या सुमारास राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. डोंगरावरील प्रवचन वाचताना पुस्तक खाली ठेववेना. त्यानंतरची दोन वर्षे त्यांनी वाचण्यात, वाद घालण्यात आणि गप्प राहण्यात काढली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंना ही बातमी नंतर कळली. पुढची चार-पाच वर्षे नवराबायको वेगळे राहिले.

मिशनने टिळकांना अहमदनगरला आणले. त्या काळी नगर हे मराठी ख्रिस्ती जीवनाचे एक मोठे केंद्र होते. मिशनचे ठाणे तिथे १८३१ साली बसले, ‘ज्ञानोदय’ १८४२ साली तिथूनच निघाला. मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा तिथलीच, जी पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात शाळा काढण्याची उमेद आली असे सांगतात. मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापला तोही १८५५च्या ‘ज्ञानोदया’ने. अशा गावात टिळक उपदेशक घडवणाऱ्या विद्यालयात शिकवू लागले. तिथे प्रमुख होते रॉबर्ट ॲलन ह्यूम, मुंबईत जन्मलेले अमेरिकन.

विद्यार्थी कोण होते हे इथे पाहिले पाहिजे. बहुतेक जण नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतले, महार आणि मांग घरांतले. शिकून ते गावोगाव मास्तर होत. आठवडाभर मुलांना धुळाक्षरे आणि पाढे, रविवारी त्याच खोलीत उपासना, कोणी आजारी पडले तर प्रार्थना, कोणाला सरकारी कागद आला तर वाचून दाखवणे, अशी त्यांची चाकरी असे. गावकी आणि बलुत्याच्या रिवाजातून बाहेर पडून महिन्याला रोख रक्कम हातात घेणारा घराण्यातला पहिला माणूस बहुधा हाच. मिशनचा पगार तुटपुंजा होता, पण त्यासाठी कोणाच्या दारात भाकरी मागावी लागत नव्हती. ‘पोटासाठी बाटला’ म्हणणाऱ्यांना या वाक्यातले पोट किती पिढ्या उपाशी होते याचा हिशेब कधी ठेवावासा वाटला नाही.

या मंडळींमध्ये टिळकांना खटकली ती भाषा. उपासनेत गायली जाणारी पदे बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरे होती, चालीही परक्या. माणसे मनापासून गात, पण जिभेला ते शब्द अडत. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडलेली होती. टिळकांनी ती रुंद केली. ओवी, अभंग, पद, भजन ही सगळी सामग्री त्यांनी देवळातून मंदिरात आणली. (मराठी ख्रिस्ती माणूस चर्चच्या इमारतीला सहज ‘मंदिर’ म्हणतो, हे बाहेरच्या वाचकाला सांगून ठेवतो.) ‘उपासना संगीत’ या संग्रहात त्यांची शंभरावर पदे आहेत आणि आजही रविवारी ती गायली जातात. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. पूल ओलांडल्यावर तो जाळायचा असतो, ही समजूत त्यांनी मानली नाही. आणि गंमत म्हणजे ज्या मिशनरी डॉ. जस्टिन ॲबट यांचा टिळकांच्या दीक्षेशी निकटचा संबंध होता, त्यांनीच पुढे महीपतीची संतचरित्रे इंग्रजीत नेली. कोण कोणाला शिकवत होते, हे त्या पिढीत नेहमीच स्पष्ट नसे.

नगरच्या या घरात जात कशी गेली, हा ‘स्मृतिचित्रे’तला सर्वांत शिकवणारा भाग आहे. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या त्या सोवळे सांभाळतच. त्यांचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. एरवी उतावीळ असलेल्या या मास्तराने आयुष्यात एकदाच इतकी वाट पाहिली असेल. लक्ष्मीबाईंचा जातिभेद त्यांच्याच विचाराने गळून पडला, आणि त्यानंतर, १९०० साली, त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. कित्येकांच्या बाबतीत तो उलटा झाला आणि जात मंडळीच्या बाकांवर शेजारी येऊन बसली. ‘हा कोणातला ख्रिस्ती’ हा प्रश्न मराठी ख्रिस्ती घरांतही सोयरिकीच्या वेळी विचारला गेला आहे. तो अजून पुरता थांबला असे म्हणवत नाही.

याच घरात दुष्काळात पोरकी झालेली मुले वाढली. याच घरात त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, मुलासारखे राहिले. त्यांना ख्रिस्ती करावे असे टिळकांना वाटले नसेल असे नाही, पण पंक्तीला बसायची ती अट नव्हती. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला एकाच ताटव्यात फुलतो, हे घरात आधी घडले आणि त्याला नाव पुढे मिळाले.

ते नाव ‘देवाचा दरबार’. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने राहायचे ठरवले आणि साताऱ्याला मुक्काम हलवला. ख्रिस्ताचे अनुयायी, मग त्यांचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, एका बंधुसंघात यावेत अशी त्यांची कल्पना होती. त्यांना ख्रिस्त हवा होता, पण परदेशी पाकिटातून नको होता. मंडळीतल्या पुष्कळांना यात धोका दिसला: बाप्तिस्मा ऐच्छिक केला तर मंडळी उरते कुठे? आक्षेप खोटा नव्हता. ज्याने जातगंगा, वडीलधारे, विहीर, सगळे सोडून दीक्षा घेतली त्याला ‘ती नसली तरी चालते’ हे ऐकणे सोपे नाही.

माझी अडचण मात्र दुसरीच आहे. पगार सोडून झोळी घेणाऱ्याला महाराष्ट्र लगेच हात जोडतो. पण तो मान ब्राह्मण कवीला मिळतो. नगरजवळच्या खेड्यातल्या महार मास्तराने पगार सोडून भिक्षा मागितली असती, तर त्याच्या बापजाद्यांचेच काम त्याने पुन्हा धरले असे गाव म्हणाले असते. टिळकांच्या त्यागाने परकीय पैशाच्या अवलंबनाचा प्रश्न ऐरणीवर आला हे खरे. पुढे जे. सी. विन्स्लो यांच्यासारख्या इंग्रज धर्मगुरूने १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढला, आणि त्याआधी टिळकांच्या विचारांचा बारकाईने अभ्यास केला. टिळकांचे चरित्रही त्यांनीच लिहिले. पण ज्या विद्यार्थ्यांना टिळकांनी घडवले त्यांना ही वाट चालता येण्यासारखी नव्हती. त्यांचे स्वातंत्र्य त्या तुटपुंज्या पगारातच होते.

दरबाराला दोन वर्षेही मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन अखेरपर्यंत त्यांच्याकडे होते. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी देण्यात आला, ही त्या वेळच्या ख्रिस्ती समाजात साधी गोष्ट नव्हती. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य जेमतेम सुरू होऊन राहिले होते. त्याचे पुढचे ६४ अध्याय, ज्यांना टिळकांनी ‘ग म भ न’ शिकवले होते त्या लक्ष्मीबाईंनी लिहिले. ते पुढच्या काळात. टिळक गेल्यावर आधी त्यांना घर चालवायचे होते. त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनची नोकरी धरली. पगारी.