बुलडाण्याला येण्याआधी काय वाचाल?

पुण्यातल्या एका मित्राचा गेल्या आठवड्यात फोन आला. दोन दिवसांची सुट्टी आहे, मुलांना लोणार, सिंदखेड राजा दाखवायचं आहे, शेगावला दर्शन घेऊन परतायचं आहे. आणखी काय बघू? मी म्हटलं, बघायचं नंतर ठरव, आधी काय वाचायचं ते सांगतो. तो हसला. पण मी गंभीर होतो.

त्याला कारण आहे. शाळेच्या सहलीत आम्हाला लोणारला नेलं होतं. सरांनी सांगितलं, हे सरोवर 1823मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने शोधलं. दुसऱ्या दिवशी सिंदखेड राजाला वर्गातल्या एका मुलाने मला विचारलं, “तू इथं काय पाहायला आलास?” त्याचा हेतू वाईट नसावा. पण घर याच जिल्ह्यात असून मला उत्तर देता आलं नाही. ते मला पुढे पुस्तकांत सापडत गेलं.

पहिलं पुस्तक अबुल फजलचं, ‘आईन-ए-अकबरी’. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या या फारसी ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचं वर्णन आहे आणि त्यात लोणार आहे. म्हणजे अलेक्झांडर साहेबांच्या सव्वादोनशे वर्षं आधी. डोंगरांनी वेढलेलं खारं पाणी, काच आणि साबण करायला लागणारा माल, त्यातून येणारा महसूल, सगळं नोंदवलं आहे. पण मला थांबवते ती दुसरीच नोंद. ब्राह्मण या जागेला विष्णुगया मानतात, पितरांसाठी इथे केलेलं पुण्यकर्म फळतं, हेही तो लिहून ठेवतो. खोडून न काढता, टिंगल न करता. त्याही आधी ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीत लोणार येतं, मेहकर येतं. लोणारचं विवर उल्कापातानेच झालं, हे 1973मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातल्या निबंधाने पक्कं केलं, पण गावकऱ्यांना हे सरोवर शोधायला कोणाची गरज कधी पडली होती?

सिंदखेडसाठी कवींद्र परमानंदांचं ‘शिवभारत’ वाचा. मूळ संस्कृत, मराठी भाषांतर मिळतं. आमच्यातले काही जण मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ दर्ग्याला केलेल्या नवसाची आणि त्यावरून ठेवलेल्या शहाजी-शरीफजी या नावांची कथा मोठ्या हौसेने सांगतात. मीही सांगतो. पण तेवढ्यावर थांबणं अप्रामाणिक आहे. जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव निजामशाहीचे बडे सरदार, आणि 1629मध्ये दौलताबादेच्या दरबारात मुलांसह त्यांना दगाफटका करून मारलं ते निजामशाहानेच. त्यांची भव्य समाधी सिंदखेडात आहे. ती पाहताना हे दोन्ही माहीत असावं.

तिथून वाट थोडी वाकडी केली की साखरखेर्डा. 1724मध्ये इथे निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान लढले. मुबारिजखान पडला, गावाचं नाव फत्तेखेर्डा झालं आणि दख्खनमध्ये आसफजाही उभी राहिली. दिल्लीच्या दोन मुसलमान सरदारांची ही लढाई, आणि निजामाच्या मदतीला मराठी फौज! ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ या चौकटीत हे गाव बसत नाही, म्हणून की काय, सहलीच्या बस तिथे थांबत नाहीत.

आता ज्या पुस्तकासाठी हे सगळं लिहितोय ते. ‘स्त्रीपुरुष तुलना’, 1882. लेखिका ताराबाई शिंदे, राहणार बुलडाणा. वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला, सत्यशोधक विचारांचे. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येसाठी शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांच्या नावाने शिमगा सुरू केला. त्यावर या बाईने वऱ्हाडातल्या एका आडगावी कचेरीच्या ठिकाणी बसून पुरुषांना जाब विचारला. इतकी सडेतोड, रोखठोक मराठी आजही क्वचित लिहिली जाते. जोतीराव फुल्यांनी तिची पाठराखण केली, नंतर मात्र पुस्तक विस्मरणात गेलं, 1975मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं तेव्हा महाराष्ट्राला कळलं. बुरखा, तलाकवर आम्हाला प्रश्न विचारणाऱ्यांनी ते वाचावंच, आणि ते प्रश्न टाळणाऱ्या आमच्या पुरुषांनी त्याआधी वाचावं. माझ्यासकट.

शेगावसाठी दासगणूंचा ‘श्री गजानन विजय’, एकवीस अध्यायांचा. आमच्या शेजारच्या घरात त्याचं पारायण व्हायचं, भिंतीपलीकडून ओव्या ऐकतच मी मोठा झालो. मेहकरला जाणार असाल तर ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींच्या आवाजात ऐका.

आणि सिनेमा? सदानंद देशमुख याच जिल्ह्यातले, चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे. त्यांच्या ‘बारोमास’ कादंबरीला 2004चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यावर धीरज मेश्राम यांनी 2012मध्ये हिंदी चित्रपट केला. शिकून बेकार राहिलेला शेतकऱ्याचा मुलगा एकनाथ, कर्ज, घरातली रोजची कुरबुर. वेळ कमी असेल तर चित्रपट बघा, पण कादंबरी सोडू नका; इथली बोली तिच्यात आहे. मग गाडीच्या काचेतून दिसणारं सोयाबीन-कपाशीचं शिवार नुसतं हिरवं दिसणार नाही.

मित्राने काल कळवलं, ताराबाईंचं पुस्तक बायकोने आधी हिसकावून घेतलं, त्याला अजून मिळालेलं नाही. सहल एका दिवसाने वाढवली आहे. साखरखेर्ड्याला जेवायची सोय होईल का, विचारत होता. मी म्हटलं, वाटेत माझ्या घरी थांबा, डबा देतो.