सांध्याचा इतिहास : धावेपासून दोलनयंत्रापर्यंत

औरंगाबादेहून जळगावकडे निघालेला रस्ता अजिंठ्याच्या डोंगररांगेतून फर्दापूरच्या घाटाने खानदेशात उतरतो, आणि त्याच्या वाटेवरच सिल्लोड लागते. निजामाच्या अमलात या मुलखाची जमाबंदी झाली, पीकपाण्याच्या नोंदी सरकारदप्तरी दाखल झाल्या. परंतु येथील कापूस व धान्य ज्या बैलगाड्यांनी बाजारी नेले, त्यांच्या चाकांवरील लोखंडी धाव कशी सांधली जाई, हे नमूद करण्याचे दप्तराला प्रयोजन नव्हते. ते ज्ञान बलुतेदार लोहाराच्या हातात राहिले.

धावेच्या पट्टीची दोन्ही टोके लोहार प्रथम ठोकून निमुळती करी, पट्टी वाकवून ती एकावर एक आणी, आणि भट्टीत पांढरीशुभ्र होईपर्यंत तापवी. त्यांवर वाळू किंवा टाकणखार पडला, की लोखंडावरची जळ पातळ होऊन वाहू लागे. मग ऐरणीवर, ताव उतरण्याच्या आत, घणाचे घाव मधून कडांकडे नेत तो दोहोंचे एक लोखंड करी. क्रम चुकला तर मळ आत कोंडून राही आणि सांधा भाराखाली उकले.

विजेने घणाचे काम संपविले. १८८१ च्या सुमारास निकोलाय बेनार्दोस याने कार्बनच्या कांडीने विद्युत्‌ज्योत पेटवून धातू जोडला; १८८८ मध्ये स्लाव्यानोव याने धातूचीच कांडी वितळवून सांधा भरला; आणि विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग याने त्या कांडीवर लेप चढविला. आता कौशल्य आघातातून दोलनात आले. रुंद खाच भरताना वेल्डर रॉड या कडेपासून त्या कडेपर्यंत झुलवितो, कडेशी क्षणभर थबकतो आणि मधला भाग त्वरेने ओलांडतो. कारण कडेचे जाड लोखंड उष्णता शोषून घेते, तेथे घाई केली तर धातू कडेला नीट मिळत नाही किंवा कडेलगत चर पडतो, आणि मध्ये रेंगाळले तर रस फुगून ओघळतो.

पुढे तार आपोआप पुरविणाऱ्या वेल्डिंगच्या पद्धती आल्या, टॉर्च सरकत्या गाड्यावर चढली, आणि तिला आडवे झुलविण्यासाठी मोटारीवर चालणारे स्वतंत्र दोलनयंत्र जोडले गेले. झोल्याची रुंदी, त्याची गती, मध्यबिंदू आणि डाव्या-उजव्या कडेवरील विराम ही त्याची मुख्य परिमाणे होत. टॉर्च खाचेच्या भिंतीजवळ जाताच प्रवाह वाढतो. दोन्ही कडांवरील हा फरक मोजून टॉर्च सांध्याच्या मध्यरेषेवर ठेवणारी नियंत्रणेही कालांतराने सिद्ध झाली.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, चिकलठाणा व वाळूज येथे वसाहती उभ्या राहिल्या, आणि १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. जिल्ह्याच्या उद्योगेतिहासात या तारखा लिहिल्या जातात, आणि ते योग्यच आहे; तथापि ट्रॅक्टरची ट्रॉली सांधणाऱ्या तालुक्याच्या कारागिराचे हस्तज्ञान त्याच इतिहासाचा भाग आहे. कडेवर किती थांबावे, हा यंत्राच्या पट्टीवरील आकडा प्रथम हाताने आणि डोळ्याने जाणलेल्या गोष्टीचेच माप आहे. पत्र्याची जाडी किंवा खाचेची रुंदी बदलली, की तो आकडा नव्याने ठरविण्यास पुन्हा जाणकारच लागतो. म्हणून तंत्रशिक्षणाने यंत्राची कळ फिरविण्यापूर्वी हाताचे दोलन शिकवावे, आणि जुन्या लोहारांची व वेल्डरांची रीत ते हयात असतानाच लेखनिविष्ट करावी.