शिलेदारी मोटार

नागपूरकर भोसल्यांच्या वाड्यांतील हत्तीघोडे लिलावांत निघाले, त्या प्रसंगाची हकीगत इतिहासकारांनीं बहुधा दुःखाच्या किंवा संतापाच्या स्वरांत सांगितली आहे, आणि तें योग्यच आहे. तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरांत निपुत्रिक वारले; डलहौसीनें दत्तकाचा हक्क न मानतां राज्य खालसा केलें; आणि पुढील दोनतीन वर्षांत राजवाड्यांतील जवाहीर कलकत्त्याच्या बाजारीं गेलें, व हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस कवडीमोलानें विकले गेले. हें सारें वाचकांस ठाऊक आहे. आम्हांस मात्र त्या प्रसंगाविषयीं निराळीच जिज्ञासा वाटत आली आहे. ते हत्ती घेतले कोणीं, आणि घरीं नेल्यावर त्यांस खाऊं काय घातलें? राजाचा हत्ती बैलाच्या किंमतीस मिळाला म्हणून त्याची भूक कांहीं बैलाएवढी होत नाहीं.

हा प्रश्न आम्हांस जुने कागद चाळतांना सुचला नाहीं. तो सुचला गेल्या उन्हाळ्यांत, अमरावती रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या मांडवाखालीं, जुन्या मोटारींच्या रांगेंत उभे असतां. आमचा भाचा आम्हांस तेथें घेऊन गेला होता. त्याच्या वडिलांनीं, म्हणजे आमच्या कैलासवासी मेहुण्यांनीं, काटोलकडील संत्र्यांची बाग विकली होती. त्या पैशांतील त्याचा वांटा बँकेंत होता, आणि समोर एक काळी जर्मन सलून उभी होती. आठ सिलिंडरांचें इंजिन, दोन टर्बो, आंत मऊ कातड्याच्या बैठका. नवी असतां ती कोटीच्या पलीकडे गेली होती. आतां तिचा भाव एखाद्या नव्या, साध्या, घरगुती मोटारीएवढा सांगत होते. "मामा, एवढ्या पैशांत दुसरें काय येतें तें तुम्हीच सांगा," भाचा म्हणाला. उत्तर आमच्यापाशीं होतें. परंतु तें मांडवाखालीं उभ्या उभ्या देण्याजोगें नव्हतें, म्हणून येथें सविस्तर देतों.

सलून म्हणजे चार दारांची, बंद टपाची, कुटुंबवत्सल मोटार. तिचें काम माणसांस सुखानें नेण्याचें. धांवण्याचें काम दोन आसनांच्या, हलक्या, उघड्या मोटारींचें. ही वांटणी युरोपांत फार काळ टिकली नाहीं. इंग्लंडांत जग्वारनें १९५९ मध्यें 'मार्क दोन' काढली. तिचें ३.८ लिटरचें इंजिन असें कीं, ती शर्यतीच्या मैदानावर, दरोडेखोरांच्या हातीं आणि त्यांच्या पाठलागावरील पोलिसांच्या ताफ्यांत सारखीच शोभली. जर्मनींत एरिक वाक्सेनबर्गर या अभियंत्याच्या हट्टानें मर्सिडीज-बेन्झनें आपल्या सर्वांत थोर अशा 'सहाशें' मोटारीचें ६.३ लिटरचें इंजिन त्याहून बऱ्याच लहान सलूनमध्यें बसविलें, आणि १९६८ मध्यें ती बाजारांत आणली. तिच्या एकंदर ६,५२६ मोटारी निघाल्या. एएमजी हा कारखाना १९६७ चा. त्यानें ह्याच जातीची एक अवजड सलून १९७१ मध्यें स्पाच्या चोवीस तासांच्या शर्यतींत उतरवून दुसरा क्रमांक पटकाविला. पुढें १९८५ च्या सुमारास बीएमडब्ल्यूची 'एम-पांच' आली, आणि १९९० नंतर मर्सिडीजची '५०० ई', जिची जुळणी पोर्शच्या कारखान्यांत होत असे. ह्या सर्वांचें बाह्य रूप दिवाणजीचें, आणि आंतला जीव पैलवानाचा.

पैलवान म्हटला कीं खुराक आला. अशा मोटारीचा प्रत्येक भाग अधिक उष्णता, अधिक दाब, अधिक भार सोसतो. ब्रेकच्या तबकड्या मोठ्या, टायर रुंद, तेल विशिष्ट जातीचें. २००५ नंतरच्या दहा सिलिंडरांच्या एम-पांचचेंच उदाहरण घ्यावें. तिची शक्ति ५०७ अश्वांची. परंतु कनेक्टिंग रॉडचीं बेअरिंगें झिजतात, हा तिचा दोष जगभर प्रसिद्ध आहे. तीं वेळेवर बदलणें हा खर्च. न बदलणें म्हणजे अखेरीस इंजिनच बदलणें. मोटार निम्म्या किंमतीस मिळाली म्हणून बेअरिंग कोणी निम्म्या किंमतीस देत नाहीं.

आपल्या देशांत ह्या गोष्टीस आणखी एक इतिहास आहे, तो आतांच्या तरुणांस फारसा माहीत नसतो. जनरल मोटर्सनें १९२८ मध्यें मुंबईस शिवडीला मोटारी जुळविण्यास प्रारंभ केला. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली, आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यांतून अमेरिकन बनावटीच्या मोटारी बाहेर पडूं लागल्या. परंतु १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारचें धोरण असें ठरलें कीं, ज्यांस येथेंच भाग घडवावयाचे नाहींत त्यांनीं केवळ जुळणीवर धंदा करूं नये. जनरल मोटर्स व फोर्ड निघून गेल्या. परदेशी मोटारींची वाट जवळजवळ बंद झाली, आणि अँबॅसडर व फियाट यांचें दीर्घ राज्य सुरू झालें.

मग ज्यास थोर मोटार हवी असे त्यानें काय करावें? १९५६ मध्यें स्थापन झालेल्या सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे पाहावें. परदेशी वकिलातींतील मंडळी बदली होऊन जातांना ज्या मोटारी मागें ठेवीत, त्या ह्या संस्थेमार्फत विकल्या जात. मर्सिडीज, शेव्हरोलेट इम्पाला वगैरे ज्या मोटारी त्या काळीं सिनेमांतील नटांच्या आणि गिरणीमालकांच्या दारीं दिसत, त्यांपैकीं कित्येक अशा एकदां वापरलेल्याच होत्या. १९७१ मध्यें संस्थानिकांचे तनखे बंद झाले, तेव्हां कांहीं राजेशाही गॅरेजांचींहि दारें उघडलीं. म्हणजे ज्यास आज आमचा भाचा नवी युक्ति समजतो, ती युक्ति नसून त्या पिढीची रूढीच होती. नागपूरकरांस तर उतरत्या वैभवाची ओळख अधिकच जवळून आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं ह्या शहराची राजधानी गेली आणि कचेऱ्यांचीं दप्तरें भोपाळास रवाना झालीं. बंगले राहिले, त्यांच्या गॅरेजा राहिल्या.

ही कोंडी फुटली ती नव्वदीच्या दशकांत. मर्सिडीज-बेन्झनें १९९४ मध्यें पुण्यास कंपनी काढली व पुढच्याच वर्षीं पिंपरीस ई-क्लास जुळूं लागली. ऑडीची जुळणी २००७ मध्यें औरंगाबादेस सुरू झाली. आणि त्याच औरंगाबादेंत, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरांत, २०१० च्या ऑक्टोबरांत तेथील व्यापारी व उद्योजक यांनीं एकजुटीनें सुमारें दीडशें मर्सिडीज एकदम घेतल्या. व्यवहार ६५ कोटींच्या घरांतला होता. वर्तमानपत्रांनीं त्या मिरवणुकीचें कौतुक केलें. त्या दीडशें मोटारी आज कोणाच्या दारीं उभ्या आहेत, ही बातमी मात्र कोणी छापीत नाहीं.

येथें मराठी घोडदळांतील दोन जुने शब्द उपयोगीं पडतात. बारगीर तो, ज्याचा घोडा सरकारी पागेंतला. शिलेदार तो, ज्याचा घोडा स्वतःचा. पहिल्या रघूजींच्या फौजा १७४२ पासून १७५१ च्या तहापर्यंत बंगालवर चालून जात होत्या, आणि त्यांची तिकडे अशी दहशत बसली कीं बारगीर हा शब्दच बंगालींत 'बर्गी' होऊन राहिला. बारगीर घोडा फेंकी तो निर्धास्तपणें. घोडा पडला तर पागेंतून दुसरा मिळे. शिलेदाराचा घोडा पडला कीं त्याची रोजीच बुडे. म्हणून ऐन लढाईंत शिलेदार घोड्यास जपतो, असा आक्षेप त्याजवर घेतला जाई. आक्षेप खरा असेल; पण जपण्याचें कारण आम्हांस तरी समजतें.

आजच्या थोर मोटारीचा पहिला स्वार बहुधा बारगीर असतो. मोटार कंपनीच्या नांवावर, आयकराच्या हिशेबांत दरसाल शेंकडा पंधरा घसारा, दुरुस्ती हमींत, आणि हमी संपण्याच्या सुमारास मोटार बाजारांत. दुसरा किंवा तिसरा स्वार मात्र अस्सल शिलेदार. घोडा पडला तर पडलेला त्याचा.

आम्ही हें पुस्तकांतून शिकलों नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं घराच्या वरच्या मजल्यासाठीं बाजूस काढलेल्या पैशांतून आम्हीहि अशीच एक सलून घेतली. विकणाराचें नांव सांगण्यांत आतां अर्थ नाहीं. तिला पोलादी स्प्रिंगांच्या ऐवजीं हवेच्या पिशव्या होत्या, ज्यांच्यामुळें खड्डा म्हणून जाणवत नसे. पहिला महिना आम्ही वर्धा रस्त्यावरून तिला फिरविली आणि परिचितांस मुद्दाम बसवून नेलें, हें कबूल केलें पाहिजे. मग वैशाख आला. नागपुरास पारा ४५ च्या वर चढतो, कधीं ४७ अंशांसहि ओलांडतो. त्या उन्हांत रबराचें आयुष्य तें किती? एके सकाळीं दार उघडून पाहतों तों मोटार पुढचे दोन्ही गुडघे टेंकून, हत्ती बसावा तशी, अंगणांत बसली होती. पिशव्या फाटल्या होत्या, आणि त्या भरतां भरतां हवेचा पंपहि जळाला होता. दुरुस्तीचा आंकडा ऐकून सौभाग्यवतींनीं एवढेंच विचारलें, "ह्यांत जिना तरी झाला असता का?" जिना झाला असता. वरचा मजला अद्याप झालेला नाहीं.

तरी भाच्यास आम्ही सरळ 'नको' म्हणालों नाहीं, ह्याचेंहि कारण सांगितलें पाहिजे. ह्या मोटारींचा गुण खोटा नाहीं. नागपूर ते शिर्डी हा समृद्धि महामार्गाचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि ५ जून २०२५ पासून तो ७०१ किलोमीटरांचा संपूर्ण रस्ता मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत पोंचला. मोटारीस १२० ची मर्यादा आहे. साधी मोटार त्या वेगास पोंचते, पण धांपा टाकते. थोर सलूनला तो वेग म्हणजे शतपावली. जड दार मिटलें कीं बाहेरचा वारा ऐकूं येत नाहीं, आणि ब्रेक लावतांच दोन टनांचें धूड रेषेंत थांबतें. ज्यानें हें एकदां अनुभविलें त्यास बचतीचीं व्याख्यानें देऊन भागत नाहीं.

म्हणून आम्ही त्यास परीक्षा शिकविण्याचें ठरविलें. प्रथम कागद. त्या मांडवांतील निम्म्या मोटारी दिल्लीकडच्या होत्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ मध्यें तेथें दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींस बंदी केली व २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती उचलून धरली; तेव्हांपासून तिकडील म्हाताऱ्या होत चाललेल्या थोर मोटारी स्वस्त होऊन दक्षिणेस उतरल्या. अशा मोटारीस तिकडील ना हरकत दाखला पाहिजे, म्हणजे नमुना २८. कर्ज फिटल्याचा नमुना ३५. मालकी बदलाचे २९ व ३०. बारा महिन्यांहून अधिक काळ येथें ठेवावयाची तर महाराष्ट्राचा क्रमांक व कर. आणि विकणारा "नांव सावकाश करूं" म्हणाला तर तेथूनच उठावें, कारण नोंदवहींत ज्याचें नांव तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें स्पष्ट केलें आहे. हा मुद्दा मुख्यतः विकणाराच्या हिताचा. पण ज्यास स्वतःचें हित समजत नाहीं तो आपलें काय सांभाळणार?

मग प्राणी. जुन्या काळीं घोडा घेतांना हौशी मनुष्य भोंवरे पाही, आणि सालोत्री दांत पाही. आजचे भोंवरे म्हणजे चकाकी आणि लाडका क्रमांक. दांत निराळे. टायरच्या कुशीवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ह्या मोटारीच्या तीन टायरांचें साल एक आणि चौथ्याचें भलतेंच निघालें. कित्येक जर्मन मोटारींत धांवलेले किलोमीटर केवळ समोरच्या तबकडींत नव्हे, तर इतर यंत्रणांच्या स्मृतींतहि लिहिलेले असतात. तबकडी मागें फिरविणारा तीं सर्व ठिकाणें फिरवितोच असें नाहीं. तें वाचण्याचें यंत्र घेऊन आमचा ओळखीचा मिस्त्री आला, तेव्हां मांडवाचे मालक म्हणाले, "आधीं टोकन द्या, मग लावा." भाचा आमच्याकडे पाहूं लागला. आम्ही म्हटलें, टोकन नको, यंत्रहि आज राहूं द्या. मोटार सपाट जागेवर उभी करा, किल्ली तुमच्याच खिशांत ठेवा, आणि आम्ही उद्यां सकाळीं, कोणी ती सुरू करण्यापूर्वीं, येतों.

दुसऱ्या दिवशीं साडेसहाला आम्ही दोघे पोंचलों. रखवालदार तोंड धूत होता. मोटार उभी होती, बसली नव्हती. भाच्यानें डाव्या पुढच्या चाकावरच्या फटींत बोटें घातलीं. चार बोटें गेलीं. उजव्या बाजूस जाऊन घातलीं, दोन गेलीं. तो कांहीं बोलला नाहीं. गुडघ्यावर वही ठेवून त्यानें दोन पिशव्या, एक पंप, चार टायर, ब्रेकच्या तबकड्या, तेल, कर, अशी यादी केली, प्रत्येकापुढें मिस्त्रीनें सांगितलेला आंकडा घातला, बेरीज मागितलेल्या किंमतींतून वजा केली आणि खालीं उरलेली रक्कम लिहून पान मालकांपुढें धरलें. त्यांनीं तें दोनदां वाचलें, वही परत दिली, आणि पोऱ्यास तीन चहा आणावयास पाठविलें.